मायच्या नावावर एक आजार

माय, तुझ्या हृदयाला काहीही झालं नव्हतं. तू काविळीनं गेलीस. हे मला कुणी सांगायची गरज नाही, कारण तुझ्या डोळ्यांचा तो रंग मी पाहिलाय, आणि कुणीतरी आणून तुझ्या गळ्यात घातलेली मुळ्यांची माळही पाहिलीय. ती रोज लांब होत जाईल तशी कावीळ उतरेल, असं सगळे म्हणायचे. माळ लांब होत होती. मी नऊ वर्षांचा होतो, सकाळी उठून आधी माळ बघायचो आणि मग तुझ्याकडे. आता चाळिशी आली, डॉक्टर झालो, हिमायतनगरच्या बाजूला एका खेड्यात दवाखाना सांभाळतो. आणि तरी लातुरात आज अशी पंधरा-वीस माणसं आहेत, शिकलेली, चांगली माणसं, ज्यांची खात्री आहे की तू हृदयाची झडप आखडून, दम लागून गेलीस. त्यांना तसं वाटतं कारण मीच त्यांना तसं सांगितलं. तुला जाऊन तीस वर्षं झाल्यावर मी तुझ्या नावावर एक आजार लावला. आज दुपारची ओपीडी संपली, बाहेरच्या बाकावर कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी लातूरला शिकायला जातो. या वयात, हो. इको शिकतो. तुझ्या वेळी आपल्या घरात हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, म्हणून सांगतो. एक लहानसा दांडा असतो, त्याला प्रोब म्हणतात. छातीला थंडगार जेल लावून तो टेकवायचा. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, हृदयावर आपटून परत येतो आणि समोरच्या स्क्रीनवर त्याचं हलतं चित्र उमटतं. झडपा उघडझाप करताना दिसतात. पण बरगड्या तो आवाज अडवतात, फुप्फुसातली हवाही अडवते, त्यामुळे नेमकी फट शोधावी लागते. तिला आम्ही विंडो म्हणतो, म्हणजे खिडकी. वर्षभराचं सगळं शिक्षण त्या खिडकीभोवती फिरतं. डॉक्टरकीनंतरचा हा कोर्स आहे, पण आमच्या तुकडीत नुसते डॉक्टर नाहीत, नर्सताई आहेत, टेक्निशियन आहेत, आणि वयानं मी सगळ्यांत थोरला. शनिवार-रविवार वर्ग असतो. शुक्रवारी संध्याकाळी नांदेडला येऊन मी लातूरची एसटी धरतो, आणि गाडी लोह्याच्या स्टँडवर थांबते तेव्हा आपल्या गल्लीच्या बाजूला बघतो. चहावाला खिडकीशी येतो, मी चहा घेतो, गाडी सुटते. तुझी आठवण एवढीच काढायचो मी, चहाच्या कपाएवढी. आधी हे कबूल केलेलं बरं.

आता जे सांगायचंय ते तुला कसं सांगू कळत नाही. ज्या बाईला हे सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटावी ती तूच. इकोमध्ये हृदय सगळ्यात छान दिसतं ते डाव्या स्तनाच्या खालून. बघ, हा शब्द मी परीक्षांच्या पेपरांत कितीदा लिहिला असेल, आणि तुला लिहिताना पेन अडलं. इतकी वर्षं डॉक्टरकी केली, पण आमच्याकडची रीत अशी: बाई स्टुलावर बसते, मी नळी पदरावरूनच टेकवतो, ती श्वास धरून भिंतीकडे बघते, मी खिडकीबाहेर बघतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि दोघंही सुटतो. पदरातून काय ऐकू येतं? पदर ऐकू येतो. पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट ‘डॉक्टर लई सभ्य’ असं नाव होतं. तेच नाव घेऊन मी लातूरला गेलो आणि तोंडघशी पडलो, कारण प्रोबला पदर चालत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत आम्ही एकमेकांच्याच छात्या बघितल्या, पुरुष पुरुषांच्या, पडद्यापलीकडे ताई ताईंच्या. तिथं माझा हात मस्त चालायचा. मग पेशंट सुरू झाले आणि बाई आली की मी हळूच प्रोब शेजारच्या ताईच्या हातात द्यायचो. ‘तुमचा हात हलका आहे ताई, तुम्ही बघा.’ आमच्या मॅडमच्या ते लक्षात आलं नाही असं मला वाटायचं. मॅडम म्हणजे कोर्स चालवणाऱ्या हृदयतज्ज्ञ, पन्नाशी उलटलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या आणि म्हणूनच धडकी भरवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी रीत घालून दिली होती. बाईला डाव्या कुशीवर घ्यायचं. तिचा पदर तिच्याच हातात द्यायचा, ती सरकवेल तेवढाच सरकवायचा. जेल आधी तळहातावर ऊन करून घ्यायचं. हात कुठं ठेवणार ते आधी सांगायचं, आणि ठेवला की डोळे स्क्रीनवर. ‘तुम्ही तिच्याकडे बघत नाही हे तिला कळलं पाहिजे,’ त्या म्हणायच्या, ‘आणि तुम्ही तिचंच बघताय हेही कळलं पाहिजे.’ मी मान डोलवायचो.

त्या रविवारी दोन्ही ताया रजेवर होत्या. रेणापूरकडची एक बाई आली, तिशीतली, सहावा महिना चालू, बरोबर सासू. नवरा पुण्याला कामाला. बाईला चार पावलं चाललं की दम लागायचा, उताणं झोपता येत नव्हतं. ‘पोटुशीला लागतोच की दम,’ सासू मला सांगते, ‘हिला जरा जास्तीच लागून राहिला.’ मी प्रोब घेतला. बाईनं पदर घट्ट धरलेला. पदर तिच्या हातात द्यायचा हे मला पाठ होतं, पण तो सरकवायला सांगायचा शब्दच तोंडातून निघेना. सासू समोर उभी. मी ब्लाउजच्या वरच्या कडेला, गळ्याच्या हाडाशी प्रोब टेकवला. तिथं काय दिसणार? राखाडी धूर. मी तो धूर इकडून तिकडून थोडा फिरवला आणि लिहून टाकलं: विंडो खराब, जेवढं दिसलं तेवढं ठीक. बाई उठून बसली. आम्ही दोघंही सुटलो.

मॅडम प्रत्येक पेशंट स्वतः परत बघतात. त्या आल्या, बाईशी दोन शब्द बोलल्या, तळहातांत जेल चोळलं, आणि मी नीट वाकून बघायच्या आत स्क्रीनवर ती झडप आली. दोन पातळ पडदे पंख्यासारखे उघडायला हवेत, त्या जागी टोकं जुळलेलं जाड काहीतरी होतं, कण्हत कण्हत उघडत होतं. लहानपणी सांधेताप येऊन गेला की काही वर्षांनी झडप अशी आखडते. गरोदरपणी रक्त वाढतं, ते त्या चिंचोळ्या दारातून जात नाही, फुप्फुसात साचतं. अशी बाई बाळंतपणापर्यंत तरेलच असं नाही. सगळी तुकडी भोवती जमली होती. मॅडमनी माझ्या कागदावरची ओळ वाचली आणि हळू आवाजात विचारलं, ‘अहो डॉक्टर, तुमच्याकडे आल्यावर बायकांची हृदयं जातात कुठे? मी तुमचे सगळे रिपोर्ट काढून बघितलेत. पुरुषांच्या खिडक्या सताड उघड्या आणि बायकांच्या सगळ्या बंद. असं कसं?’

उत्तर एका शब्दाचं होतं. लाज वाटली. एवढं म्हणालो असतो तर मागची पोरं हसली असती, मॅडम अजून चार शब्द बोलल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण चाळिशीतला माणूस, डोक्यावर टक्कल, पदरी इतक्या वर्षांची डॉक्टरकी, आणि तो म्हणणार लाज वाटली? माझे कान तापले. आणि मी, माय, माझं तोंड उघडून म्हणालो, ‘मॅडम, माझी आई ह्यानंच गेली. गरोदर होती. हिला बघितलं आणि हात चालेना.’

मी तुला तिथं आई म्हणालो. घरात तू माय होतीस, पण खोटं मी शुद्ध भाषेत बोललो.

मॅडमचा चेहराच बदलला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मी तो प्यालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी थाप मारली, वेळ मारून नेली, असं म्हणता आलं असतं. पण टेक्निशियन पोरानं विचारलं, ‘सर, काही लक्षणं आठवतात?’ आणि मी तिखटमीठ लावायला लागलो. म्हणालो, लहान असताना आईच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचो, तेव्हा आत घरघर ऐकू यायची, दूर कुठं जातं फिरावं तशी. हे मी आदल्या आठवड्यात पुस्तकात वाचलं होतं, या झडपेचा आवाज असाच खर्जातला असतो. तुझ्या छातीत मी पुस्तकातला परिच्छेद घातला.

तुला माळेगावच्या यात्रेचं आठवतं का? मी शाळा बुडवून घोडे बघायला गेलो होतो. दिवसभर उंटांच्या आणि घोड्यांच्या मागं फिरलो, धुळीनं माखून घरी आलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं तर सांगितलं, माय आजारी हाय. गुरुजी भले, शाळा सुटल्यावर ते थेट अंगणवाडीत गेले, तुझी तब्येत विचारायला. तू तिथं मदतनीस होतीस, लेकरांना खिचडी वाढून राहिली होतीस. संध्याकाळी तू चुलीपुढं बसलीयस, मी दारात उभा. मला वाटतंय आता फुंकणी पाठीत बसणार. तू फुंकणी बाजूला ठेवलीस. ‘माझं दुखनं तुला कशाला पायजे रं?’ तू म्हणालीस. ‘घोडे बघाया गेलतो म्हनायचं. मार खायचा अन् मोकळं व्हायचं. तुझं तू सांग की. माझ्या अंगाला दुखनं कशाला लावून राहिला?’ तुझ्या डोळ्यांत पाणी होतं की धूर, मला कळलं नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा तू पांढऱ्या साडीच्या पदराआडून माझ्याकडे बघितलंस. पण त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, तू माझा हात धरून मला शाळेत नेलंस आणि गुरुजींसमोर उभं केलंस. नुसता हात धरून उभी राहिलीस, माझं बोलून होईपर्यंत.

तू त्या संध्याकाळी रागावली होतीस तरी मला धुळीचा खोकला लागलाय हे तुला ऐकू आलंच. तू ओवा घालून करडईचं तेल तापवलंस, तळहात चुलीवर धरून शेकलेस आणि माझ्या छातीला चोळलंस. मग मी तिथंच तुझ्या छातीवर डोकं टेकून झोपलो. हे खरं आहे. हे एवढं मात्र पुस्तकातलं नाही.

लातुरातलं पुढचं ऐक, कारण ते अजून वाईट आहे. सासू ऐकेना. मॅडमनी समजावलं की पोटाला धक्का नाही, कापाकापी नाही, पायाच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची, मोठ्या शहरात जावं लागेल, पण लवकर. सासूचं एकच, ‘लेकरू झाल्यावर बघू. पोटुशी बाईच्या काळजाला हात लावून देनार न्हाई मी.’ बाई भिंतीला टेकून दोघींची तोंडं बघत होती, तिला बोलायलाही दम नव्हता. शेवटी मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘ह्या डॉक्टरांना विचारा. ह्यांची आई अशीच गेली, पोटात बाळ असताना.’ म्हातारी माझ्याजवळ आली. तुझ्यापेक्षा थोडी उंच, तुझ्यासारखीच कपाळाला आठी घालून बघायची. ‘खरं हाय का रं बाबा? तुझी माय अशीच गेली?’

माय म्हणाली ती. तोपर्यंत मी ज्या आईबद्दल बोलत होतो ती कुणीतरी कागदावरची बाई होती. आता तू आलीस. नाही म्हणायचं तर मॅडमसमोर, तुकडीसमोर, आणि नाही म्हटलं तर म्हातारी सुनेला उचलून रेणापूरच्या गाडीत बसवणार. मी म्हणालो, ‘हाव.’

भिंतीशी बसलेली बाई म्हणाली, ‘किती वर्साचे व्हते तुम्ही?’

‘नऊ,’ मी म्हणालो. ते खरं होतं. तिनं डोळे मिटले. तिची एक मुलगी तेवढीच आहे हे मला नंतर कळलं. त्या गेल्या, मोठ्या शहरात तिची झडप उघडली, आणि सगळं नीट पार पडलं. दिवस भरल्यावर मुलगा झाला.

तू आता म्हणशील, मग चांगलं झालं की. मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. पण खरं काय होतं? मी पहिल्याच वेळी हात नीट ठेवला असता तर झडप मलाच दिसली असती, आणि मॅडमना म्हातारीला पटवायला दुसरं काहीतरी सुचलं असतं. त्या काही माझ्या मायवर अवलंबून नव्हत्या. बाई वाचली ती मॅडमच्या हातानं. मी फक्त माझी अब्रू वाचवली. आणि तरी सगळ्यांच्या लेखी मी त्या गोष्टीतला दुखावलेला मुलगा झालो. मुलाला घेऊन त्या दाखवायला आल्या तेव्हा म्हातारीनं मॅडमना पेढे दिले आणि माझ्या हातात एक खण ठेवला, हिरवा, जरीकाठाचा. ‘तुझी माय असती तर वटी भरली असती तिची. तिच्या नावानं ठेव.’ मी तो घेतला. घ्यायचा नाही म्हणून काय कारण सांगणार होतो? तो माझ्या कपाटात शर्टांच्या खाली आहे. शर्ट काढताना काठ दिसतो, मी वरचा शर्ट नीट करतो.

मधल्या काळात मी एक गोष्ट केली ती तर सांगायलाच नको अशी आहे. एका रविवारी परतताना लोह्याला उतरलो आणि मावशीकडे गेलो. तिनं भाकरी टाकली, मी जेवलो, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मावशी, मायला दम लागायचा का गं? चालताना, काम करताना?’ मला काय हवं होतं ते तुला कळलं असेल. तिनं म्हणावं, हो रे, लागायचा. तुला थोडासा तरी आजार असावा, लहानसा, कुणाच्या लक्षात न आलेला, म्हणजे मी पूर्ण खोटा ठरणार नाही. मेलेल्या आईला दम लागत असावा अशी आशा धरून मी भाकरी मोडत होतो. मावशी परातीवरचा हात थांबवून बघायलाच लागली. ‘तुझ्या मायला? दम? येडा झाला का रं डॉक्टर होऊन? खिचडीचं पातेलं डोक्यावर घिऊन पळायची ती अंगनवाडीपस्तोर, अन् वरून मला हाका मारायची. काविळीनं नेलं तिला. तू तर पायथ्याला बसलेला व्हतास, मग आता कायला इचारून राहिला?’ आणि पोटात बाळ? तेही नव्हतं. ते मी विचारलंही नाही.

माझा हात आता चालतो, हे एक सांगतो. त्या दिवसानंतर मी प्रोब कुणाच्या हातात दिला नाही. जेल तळहातांत ऊन करतो, ‘ताई, आता हात लावतो’ म्हणतो, पदर तिच्या हातात देतो आणि स्क्रीनकडे बघतो. दिसतं सगळं. बायका ओशाळत नाहीत, ओशाळत होतो मीच. मॅडम म्हणतात, तळहातात जेल ऊन करायची गोष्ट तुमच्याइतकी मनापासून कुणीच करत नाही. त्यांना ती चूल कुठं माहीत आहे?

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नांदेडला गावोगावच्या आशाताई आणि नर्सताईंसाठी एक दिवसाची शिबिर-सभा होती, गरोदर बाईचा कोणता दम साधा आणि कोणता नाही, हे सांगायला. ‘तुम्ही तुमची गोष्ट सांगा. मी तासभर बोलले तरी पटणार नाही ते तुमच्या पाच मिनिटांत पटेल.’ मी ठरवलं, ह्या वेळी खरं सांगायचं. लाजेची गोष्ट सांगायची. त्या बायकांना तीच उपयोगाची आहे, डॉक्टर लाजतो म्हणून तुमचा आजार सुटतो, असं कुणीतरी डॉक्टरनंच सांगायला हवं. रविवारचा वर्ग करून लातुरातच राहिलो आणि काल सकाळी मॅडमच्याच गाडीतून निघालो. लोहा आलं. मॅडम म्हणाल्या, ‘हेच ना तुमचं गाव? घर कुठं होतं?’ मी बोट दाखवलं. त्यांनी ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगितली आणि त्या बाजूला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. तुमच्या मनात काय चाललंय हे मला काय माहीत. मला अजून वाईट वाटतं त्याचं.’ म्हणजे ज्या एका वाक्यात त्या शंभर टक्के बरोबर होत्या, त्याची माफी माझ्यामुळे त्यांनी मागितली. गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी होती. याहून सोपी जागा कुठली मिळणार होती? मी म्हणालो, ‘तसं काही नाही मॅडम.’ ड्रायव्हरनं गाडी वेगात घेतली.

सभेत माझी ओळख करून देताना मॅडमनीच सगळं सांगून टाकलं. मी उभा राहिलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले होते. मी शेपूट घातलं. तीच गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली, माय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं आता जमतं मला. चहाच्या वेळी एक आशाताई माझ्याजवळ आली. तिची आई खरीच तशी गेली होती, धाकट्याच्या वेळी. ‘सर, तुमच्या आईचा आवाज असाच व्हता का?’ असं म्हणून तिनं गळ्यातून हळूच घरघर काढून दाखवली. चहाच्या टेबलाशी, माणसांत, डोळे मिटून तिनं तिच्या आईचा आवाज मला दिला. मी म्हणालो, ‘हो, असाच.’

हा कागद मॅडमना द्यावा असं लिहिताना दोनदा वाटलं. पुढच्या शनिवारी वर्ग आहे, घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवता येईल. नाही ठेवणार मी. तू असतीस तर हात धरून नेलं असतंस आणि माझं बोलून होईपर्यंत उभी राहिली असतीस. एकट्यानं जायचा धीर मला अजून नाही.

पण खरं म्हणजे मी लिहायला बसलो ते त्यासाठीही नाही. काल परतताना गाडीत मी माळेगावच्या यात्रेनंतरची ती संध्याकाळ आठवायला गेलो, मन जरा शांत व्हावं म्हणून. चूल आठवली, ओव्याचा वास आठवला, शेकलेले तळहात आठवले. मग तुझ्या छातीवर डोकं टेकलं. तिथं त्या दिवशी मला काहीतरी ऐकू आलं होतंच ना. तुझा श्वास असेल, बांगड्या असतील, रागात तू काही पुटपुटत असशील. काल गाडीत आठवायला बसलो, आज सकाळपासूनही आठवून राहिलो. काही येत नाही, माय. कान लावला की आता तिथं त्या आशाताईच्या आईची घरघर ऐकू येते.